हिऱ्याला काय होतंय?

जळगावात सोन्याबद्दल कोणालाही विचारा. भाव, घट, हॉलमार्क, सगळं तोंडपाठ! सुवर्णनगरी म्हणतात ते उगाच नाही. लग्नाचं सोनं घ्यायला धुळ्याची मंडळीही इथल्या सराफ बाजारात येतात. पण हिऱ्याचा विषय निघाला की आमच्याकडे एकच वाक्य: "हिऱ्याला काय होतंय?"

तसं खरंय. मोहसच्या मापावर कठीणपणा १०, हिऱ्याला हिराच ओरखडतो. पण कठीण म्हणजे अभंग नव्हे. त्याच्या स्फटिकात ठरावीक दिशा कच्च्या असतात. तिथे ओट्याच्या कडेचा फटका बसला की टवका उडू शकतो. आणि खरा वीक पॉइंट हिरा नसतोच. ती असतात त्याला धरून ठेवणारी सोन्याची बारीक नखं, म्हणजे प्रॉन्ग्ज. २२ कॅरेट मऊ पडतं म्हणून हिरे बहुधा १८ कॅरेटमध्ये बसवतात. तरी नखं झिजतातच.

धुळ्याच्या आत्याचा खडा असाच गेला, कळण्याच्या भाकरी थापताना. पीठ चाळलं, मोरी धुंडाळली, नाही सापडला. अंगठी तिच्या यजमानांनी रिटायर झाल्यावर घेतलेली, आणि ते आता नाहीत. नवीन खडा बसवू म्हटलं तर म्हणाली, "राहू दे रे, तो थोडाच येणार आहे?" यावर काय बोलणार?

तेव्हापासून आईच्या अंगठीचं मेंटेनन्स माझ्याकडे. सोपं आहे:

- पीठ मळताना, भांडी घासताना अंगठी बाहेर. ब्लीच तर लांबच, क्लोरीनने सोन्यातला मिश्रधातू खराब होतो.
- हिऱ्याला तेल-तूप पटकन चिकटतं. किंबर्लीच्या खाणीत तर ग्रीसला चिकटवूनच हिरे वेगळे काढायचे! भरीत-भाकरीच्या हातांनी तो मंद दिसतो. कोमट पाणी, साधा लिक्विड सोप, मऊ ब्रश. धुवायचं वाटीत, बेसिनमध्ये नाही. मोती आणि कुंदनला मात्र हा प्रयोग नको.
- प्रत्येक दागिना वेगळ्या डबीत, नाहीतर हिरा शेजारच्या सोन्यावर ओरखडे काढतो.
- कानाजवळ हलवून पाहायचं. टिकटिक आली तर थेट सराफाकडे. नाही आली तरी वर्षातून एकदा प्रॉन्ग्ज तपासून घ्यायच्या.

"लॉकरमध्येच ठेव ना" हाही सल्ला मिळतो. १ जानेवारी २०२२ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याच्या फसवणुकीत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंतच आहे. म्हणजे विमा वेगळा हवाच. बिल आणि सर्टिफिकेटचे फोटो काढून ठेवा.

पण विम्यातून पैसे येतात, आत्याला हवा तो खडा येत नाही. त्यासाठी वर्षातून एकदा सराफ बाजाराची चक्कर. दिवाळीच्या गर्दीआधीचा एक शनिवार मी कॅलेंडरला टाकून ठेवलाय.