काळा खडा

दिसायला अगदीच सामान्य. चिमटीत हलका, चुरडला तर बोटं काळी करणारा. कूळ मात्र चांगलं दुहेरी आहे. एक बाजू साखर कारखान्याची: उसाचा रस काढून उरलेलं बगॅस. दुसरी मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या चिकणमातीची. बेंटोनाइटमध्ये मुख्यतः हीच माती असते, आणि बेंटोनाइट कोणत्याही इलेक्ट्रिशियनला माहीत असतं. अर्थिंगच्या खड्ड्यात तो तीच पूड भरतो.

२०१४ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी पाण्यातली प्रदूषकं शोषून घेण्यासाठी या दोघांना एकत्र आणल्याचं प्रसिद्ध झालं. बगॅस मातीच्या पाण्यात भिजवायचं, वाळवायचं आणि नायट्रोजनमध्ये ६०० अंश सेल्सिअसला भाजायचं. हवा मिळाली असती तर भट्टीत राखच उरली असती.

माती मोठी व्यवहारी. तिच्या पापुद्र्यांवर ऋणभार असतो आणि तो फेडायला सोडियम, कॅल्शियम येऊन बसलेले असतात. मिथिलीन ब्लूसारखा धनभारित रंग किंवा शिसं आलं, की ती जुन्या भाडेकरूंना बाहेर काढून नव्यांना जागा देते. पण एकटी पाण्यात उतरली की फुगते, तिचा चिखल होतो, गाळणी तुंबते आणि मग पाणी कोणतं नि माती कोणती, हे निवडत बसा! कोळशाची अडचण वेगळी. तो सच्छिद्र. पाण्याचा तिटकारा असणाऱ्या कित्येक कीटकनाशकांना सहज पोटात घेतो. निळ्या रंगापुढे मात्र नुसता बगॅसचा कोळसा मातीच्या लेपाच्या कोळशाहून बराच कमी पडला. सांगाडा कोळशाचा आणि अंगावर माती, ही रचना म्हणूनच जमली. लेप जाड झाला, तर छिद्रं बुजतात आणि सगळं मुसळ केरात.

सर्वगुणसंपन्न वगैरे तो नाही. खतांतून विहिरीत उतरणारं नायट्रेट स्वतःच ऋणभारित. ते समोरून गेलं तरी हा मख्ख बसून राहतो. प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पाण्यात त्याचा जो तोरा असतो, तो कापड रंगवण्याच्या खारट सांडपाण्यात टिकेलच असं नाही. तिथे मिठातला सोडियम त्याच जागांसाठी भांडत असतो.

मिठापुढचा हाच दुबळेपणा त्याला पुन्हा कामाला लावायला उपयोगी पडतो. भरलेला खडा पोटॅशियम क्लोराइडच्या, म्हणजे शेतकऱ्याच्या पोटॅशच्या, पाण्यात बुडवला की तो रंग सोडतो. खडा मोकळा होतो, पाणी निळं होतं. त्या निळ्या पाण्याचं काय करायचं, हे पुढचं काम. शिशाने भरलेला खडा तर साध्या बायोचारसारखा, म्हणजे नुसत्या कोळशासारखा, शेतात मिसळायचीही सोय नाही. त्याची विल्हेवाट घातक कचऱ्यासारखीच लावावी लागते, आणि तो खर्च त्याला 'स्वस्त' म्हणणारे सहसा हिशेबात धरत नाहीत.