दोन नावांची सोडत

इंदापूरच्या बाजारपेठेत भुसार आडतीच्या गादीवर आयुष्य काढलेल्या माणसाने साठाव्या वर्षी गोल्फ खेळण्यासाठी स्कॉटलंडला जाण्याचा बेत करावा, याचे कोणालाही हसू येईल. मलाही येते. डॉक्टरांनी चालायला सांगितले, बारामतीचा एक मित्र येरवड्याच्या मैदानावर घेऊन गेला आणि नाद लागला, इतकीच त्याची कथा.

मुलगा लीड्सला नोकरीस आहे. सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावर आम्ही बापलेकांनी एकदा अठरा होल खेळावेत, असा त्याचा आग्रह. हँडिकॅपचे प्रमाणपत्रही मिळाले. अवघड होते ते दादांना सांगणे. बापू गेले तेव्हा दादांनी पुण्याचे कॉलेज सोडून गादी धरली आणि मला शिकविले. त्यांनी दिग्व्रत घेतले आहे. भारताच्या सीमेपलीकडे ते जाणार नाहीत. घर एकत्र, वही एक. विचारल्यावाचून गत्यंतर नव्हते.

दादांनी चष्मा लावून कागद पाहिले. "खेळायची वेळ पक्की आहे?"

नव्हती. दोन दिवस आधी, दुपारी दोनपूर्वी, किमान दोघांची नावे द्यायची आणि सोडतीची वाट पाहायची. रविवारी खेळ बंद. त्या दिवशी गावकरी मैदानावर फिरतात. शुल्क माणशी तीनशे पौंडांहून अधिक.

"म्हणजे भाडे आधी आणि सौदा नंतर! बापूंनी असा व्यवहार केला असता?"

"पाच दिवस राहू, दादा. रोज नाव देऊ." हा हिशेब त्यांना कळणारा होता, ते थोडे हसले.

चातुर्मासापूर्वी परतायचे, म्हणून जून ठरला. तिकडे जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. रात्रिभोजनाच्या त्यागाची अडचण उरली नाही, असे मी उत्साहाने म्हणालो. डिसेंबरात मात्र चारच्या आत दिवस संपतो, हे ऐकून दादा म्हणाले, "मग तिथला श्रावक हिवाळ्यात दुकान कधी उघडेल आणि जेवेल कधी?"

त्या मैदानाची हकीकतही त्यांना सांगितली. 1797 मध्ये नगरपालिका कर्जात बुडाली आणि ती जमीन व्यापाऱ्यांच्या हाती गेली. त्यांनी तिथे ससे पाळले. खेळाडू आणि ससेवाले यांचे भांडण वर्षानुवर्षे चालले; 1821 मध्ये गोल्फप्रेमी जमीनदाराने ती जागा घेतली तेव्हा ते शमले. 1894 मध्ये जमीन पुन्हा गावाची झाली. "ससे कशासाठी पाळीत?" दादांनी विचारले. मांस आणि कातडे, हे उत्तर माझ्या तोंडून लवकर निघेना.

खरी हरकत पुढेच होती. "आपल्या खातेदारांच्या विहिरी उन्हाळ्यात कोरड्या पडतात. त्यांची उचल थकलेली असता तू गवतावर चेंडू मारायला परदेशी जाणार, हे पेठेत कसे दिसेल?"

तिथली जमीन समुद्रकाठच्या वाळूची, गवत मुख्यतः पावसावर जगते, असे मी सांगू लागलो. पण त्यांनी गवताविषयी विचारलेच नव्हते. उजनीच्या फुगवट्याचे पाणी डोळ्यांसमोर आणि पलीकडच्या गावांत टँकर, हे आमच्या तालुक्याचे नित्याचे चित्र. मी गप्प राहिलो. या वर्षी उचलीसाठी कोणाच्या दारी माणूस पाठवायचा नाही आणि प्रवासाचा पैसा दुकानातून घ्यायचा नाही, एवढे मी शेवटी कबूल केले. तेवढ्याने प्रश्न मिटतो, असे मला अजूनही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी स्वतःच्या खात्याचे पान काढले. त्यावर माझे नाव आणि 'प्रवासखर्च' असे लिहून रकमेची जागा कोरी ठेवली. मी काही बोलणार, तोच त्यांनी विचारले,

"सोडतीला दोनच नावे लागतात ना?"

"हो, दादा. किमान दोन."

"बरे," म्हणून त्यांनी वही मिटली आणि वजनकाट्याकडे वळले. बाहेर ज्वारीची गाडी आली होती.