परग्रहावरची शेज

‘कथेची गरज होती म्हणून’ हे वाक्य आपल्याकडे एकट्या शृंगाराच्याच वाट्याला का येतं? नायकाचा आजारी बाप, गावाकडचा वाडा, चार पानं कोसळणारा पाऊस, यांतल्या कशाचीच गरज कुणी सिद्ध करायला लावत नाही. दोन माणसं एकमेकांच्या जवळ आली की मात्र लगेच पावती मागतात. मी बरीच वर्षं टोपणनावाने शृंगारिक विज्ञानकथा आणि अद्भुतकथा लिहिते. पावती मागणारे संपादक पाहिले, वाचक पाहिले, टोपणनाव ठाऊक असलेली दोन-चार नातेवाईक मंडळीही पाहिली. माझी तक्रार नाही. मी ज्या प्रकारात लिहिते त्यात ही पावती खरोखर फाडून देता येते, एवढंच माझं म्हणणं.

साध्या प्रेमकथेत लेखकाला दिवा मालवता येतो. पुढचा परिच्छेद ‘सकाळी’ या शब्दाने सुरू केला की झालं. मधे काय घडलं ते वाचक स्वतःच्या अनुभवातून, नाहीतर इच्छेतून भरून घेतो, कारण देह ओळखीचे असतात. परग्रहावर दिवा मालवला तर वाचक खरोखरच अंधारात राहतो. तिथल्या देहांना काय होतं, कशाने होतं, झाल्यावर त्या दोघांचं पुढे काय होतं, हीच तर गोष्ट असते. लेखकाने रचलेल्या जगाचे नियम खरे की नुसते रंगवलेले, ते शेजेवर कळतं.

हे पहिल्यांदा ठणकावून दाखवलं फिलिप होजे फार्मरने. इलिनॉयमधल्या पिओरियाचा हा माणूस पोलादाच्या कारखान्यात नोकरी करून लिहायचा. त्याची ‘द लव्हर्स’ ही दीर्घकथा ‘अस्टाउंडिंग’ मासिकाच्या जॉन कॅम्बेलने परत केली, ‘गॅलक्सी’च्या एच. एल. गोल्डनेही परत केली. त्या काळी अमेरिकन विज्ञानकथेत यानं सुटत, ग्रह फुटत, पण कुणाला कुणाचा मोह पडत नसे. शेवटी १९५२ च्या ऑगस्टमध्ये ‘स्टार्टलिंग स्टोरीज’ने ती छापली आणि पुढच्या वर्षी, ह्यूगो पुरस्कारांच्या पहिल्याच समारंभात, फार्मर नवोदित लेखक म्हणून गौरवला गेला.

कथा अशी : धर्मसत्तेच्या जाचक राज्यात वाढलेला हॅल यॅरो नावाचा भाषातज्ज्ञ ओझागेन ग्रहावर जातो आणि जॅनेट नावाच्या बाईच्या प्रेमात पडतो. ती बाई नसते. ती ‘ललिता’ असते. मानवी स्त्रीचं हुबेहूब रूप धारण केलेली, कीटकवंशाची प्रजाती. तिच्या जातीत गर्भ राहणं म्हणजे आईचं मरण, आणि दारू पोटात असली की गर्भ राहत नाही. म्हणून ती सारखी पीत असते. हॅलला तिचं पिणं बघवत नाही. तिच्या भल्यासाठी तो गुपचूप तिची दारू बदलतो, आणि ती मरते. या कथेतून शृंगार काढून बघा. काहीच उरत नाही. जीवशास्त्र काढून बघा, तर उरतं एक साधं प्रेमप्रकरण आणि एक दारू पिणारी प्रेयसी. थिओडोर स्टर्जनचं एक म्हणणं प्रसिद्ध आहे : त्यातल्या विज्ञानाशिवाय जी घडलीच नसती, ती चांगली विज्ञानकथा. मी त्यात माझ्यापुरती एक भर घालते. जी शृंगाराशिवायही घडली नसती, ती माझ्या कामाची.

कॅम्बेल आणि गोल्ड यांनी ती कथा का नाकारली हे समजायला फार डोकं लागत नाही. आपल्या काही संपादकांकडे बसून चहा प्यायलात तरी समजेल. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं होतं, ‘बाई, विज्ञान आहे तोवर उत्तम आहे, त्या तीन पानांचं काय करायचं?’ त्या तीन पानांवर पुढची अकरा पानं उभी होती. मी कथा परत घेतली. दुसऱ्या एका अंकाने तीच तीन पानं ठेवून मधलं विज्ञान कापायची तयारी दाखवली. तीही परत घेतली.

दोन्ही दारांतून असं परत पाठवलं जाण्याचा अनुभव सीसीलिया टॅनलाही आला. विज्ञानकथांच्या मासिकांना तिच्या कथांतला शृंगार नको होता आणि शृंगारकथा छापणाऱ्यांना त्यातलं विज्ञान. १९९२ मध्ये तिने मॅसॅच्युसेट्समध्ये सर्कलेट प्रेस ही स्वतःची प्रकाशनसंस्था काढली, फक्त शृंगारिक विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठी. सुरुवात झाली तिच्याच कथांच्या एका बारक्या पुस्तिकेने. हीच बाई बेसबॉलवरही लिहिते आणि त्या खेळाच्या इतिहासाला वाहिलेल्या संस्थेची प्रकाशनंही सांभाळते. मला हे फार आवडतं. शृंगार लिहिणारी बाई दिवसभर मखमली पडद्याआड लोळत असेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी तिला धावफलक तपासताना पाहायला हवं.

त्या पुस्तिकेच्या शीर्षकातच एक नियम आहे : परचित्त वाचणाऱ्यांना ‘सेफवर्ड’ची गरज नसते. सेफवर्ड म्हणजे खेळ थांबवण्यासाठी दोघांनी आधी ठरवून ठेवलेला शब्द. समोरच्याचं मन थेट वाचता येत असेल तर शब्द कशाला हवा? वाचताना हे सोपं वाटतं, लिहायला बसलं की घाम फुटतो. परचित्तज्ञानाने संमतीचा प्रश्न सुटतो, पण उत्कंठाही मरते. ‘तिच्या मनात आहे का?’ या एका शंकेवर जगातल्या निम्म्या प्रेमकथा चालतात. ती शंकाच नसेल तर पानं कशाने उलटायची? मी असं प्रकरण लिहिलं तेव्हा उत्तर निघालं ते असं की माणसाच्या मनात एका वेळी एकच गोष्ट कधी नसते. तो हो म्हणतोय, त्याच वेळी बिल भरायचं राहिलंय हेही आठवतंय, आणि पूर्वीची कुणीतरीही आठवतेय. प्रेयसीला हे तिन्ही ऐकू येतं. कोणतं ऐकायचं आणि कोणतं ऐकलं नाही असं दाखवायचं, तिथे शृंगार सुरू होतो.

रॉबर्ट सिल्व्हरबर्गची ‘डाइंग इनसाइड’ (१९७२) मला यासाठी जवळची वाटते. त्यातला नायक परचित्त वाचू शकतो आणि ती शक्ती आता ओसरत चाललीय. सिल्व्हरबर्गची शृंगारलेखनातली उमेदवारी मोठी गंमतीची आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत विज्ञानकथांची मासिकं धडाधड बंद पडली, तेव्हा त्याने डॉन एलियट वगैरे नावांनी स्वस्त चावट कादंबऱ्यांचा कारखाना काढला. महिन्याला दोन-तीन, पाचेक वर्षांत दीडशेच्या आसपास. त्या छापणारा विल्यम हॅमलिंग हाही मूळचा विज्ञानकथा मासिकाचा संपादक! पैसे इतके आले की सिल्व्हरबर्गने न्यूयॉर्कमध्ये माजी महापौर ला गार्डिया यांचं घर विकत घेतलं. मराठीत शृंगार लिहून कुणी कुणाचं घर घेतल्याचं ऐकिवात नाही; दिवाळी अंकाच्या मानधनात फराळाचं तेल येतं. पण पिवळी पुस्तकं म्हणून हिणवल्या जाणाऱ्या त्या कादंबऱ्यांत हात बसला, वेग आला, असं सिल्व्हरबर्गने पुढे उघडपणे लिहिलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. लपवण्यासारखं काही केलं असं त्याला वाटलं नाही.

आता थोडं माझ्या टेबलावरचं.

अंतराळस्थानकातला प्रसंग लिहायचा म्हटलं की नवख्या लेखकाला आधी तरंगणं सुचतं. तरंगण्यात शृंगार फारसा नाही, अडचणीच जास्त. न्यूटनचा तिसरा नियम प्रियकराला लागू असतो : जवळ ओढायला गेलं की आपणच तिकडे खेचले जातो, हलकेच ढकललं तरी दोघं दोन भिंतींना. घाम ओघळत नाही, अंगावर पातळ थर धरून राहतो. गरम हवा वर जात नाही, कारण वर असं काही नसतंच. पंख्याने हवा हलवली नाही तर प्रत्येकाची ऊब त्याच्याभोवतीच साचून राहते. रक्त डोक्याकडे चढून चेहरे सुजतात, नाक चोंदतं, वास कमी येतो. हे सगळं वाचून काढल्यावर मला कथा सापडली ती त्या साचलेल्या उबेत. स्थानकातला पंखा बिघडलाय. दुरुस्ती होईपर्यंत माणसाने एका जागी फार वेळ थांबायचं नाही, कारण उच्छ्वासही तोंडापुढेच साचतो. आणि दोन माणसांना नेमकं एका जागी थांबायचंय. मग त्यांनी काय करावं? एकाने दुसऱ्याला वारा घालावा. साऱ्या कथेत त्याहून धीट काही नाही, आणि वाचकांची सर्वांत जास्त पत्रं तिलाच आली.

(खऱ्या अंतराळातलं म्हणाल तर सप्टेंबर १९९२ मध्ये मार्क ली आणि जॅन डेव्हिस हे जोडपं एन्डेव्हर यानातून एकत्र गेलं. नवराबायको सोबत जाण्याची ती पहिलीच वेळ. लोकांनी नको ते तर्क केले. दोघांच्या शिफ्ट वेगवेगळ्या होत्या.)

दुसरी एक कथा सापेक्षतेची. बायको यानावर, नवरा पृथ्वीवर. यान प्रकाशवेगाच्या ९९ टक्के वेगाने गेलं तर तिची दोन वर्षं म्हणजे त्याची चौदा. मला चौदा पुरेनात. चौदा वर्षांनी माणूस जाडा होतो, टक्कल पडतं, पण त्याची हालचाल तीच राहते. मला असा नवरा हवा होता ज्याचा गुडघा दुखतो, जो पलंगावर बसण्याआधी हात टेकतो, आणि जिला त्याची पाठ न् पाठ ठाऊक होती तिला ती नव्याने शिकावी लागते. वेग अर्ध्या टक्क्याने वाढवला. ९९.५ टक्क्यांना काळाचं प्रमाण दहापट होतं. दोन वर्षांची वीस झाली. त्या अर्ध्या टक्क्याने प्रसंगाचा सूर बदलला. तिची घाई आणि त्याचा संकोच, दोन्ही आकड्यातून आले, मला वेगळे रंगवावे लागले नाहीत. संपादकांनी ‘इतकं सविस्तर हवंच का’ विचारलं तेव्हा मी त्यांना गणित पाठवलं.

अद्भुतकथेत गणित नसतं, म्हणून लोकांना ती सोपी वाटते. तिथे तर नियम अधिक कडक लागतो. रामायणाच्या उत्तरकांडातली इला बघा. एक महिना पुरुष, एक महिना स्त्री, इथवर कुणालाही सुचेल. पुढची अट बघा : एका रूपात असताना दुसऱ्या रूपातलं आठवणार नाही. बुधाशी तिचा संसार होतो, मूल होतं, आणि महिना उलटला की त्याच देहातल्या पुरुषाला त्यातलं काहीही ठाऊक नसतं. जग रचणाऱ्याचं कसब त्या विस्मरणाच्या अटीत आहे. उर्सुला ल गिनने १९६९ मध्ये ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’मध्ये गेथेन ग्रहावरची माणसं रचली. ती एरवी स्त्रीही नसतात आणि पुरुषही, महिन्यातून काही दिवस त्यांतलं एक होतात. तिने विस्मरण ठेवलं नाही, म्हणून तिची कथा राजकारणाकडे आणि मैत्रीकडे गेली. इलेची अट घातली असती तर तीच कथा भयकथा झाली असती. वशीकरण, मोहिनी, प्रेमाचं पेय या गोष्टींचा मला कंटाळा आहे तो याच कारणाने. त्यात फक्त लेखकाची सोय असते, आणि कुणी कशाला होकार दिला हा प्रश्न बाजूला सारला जातो. आजचा वाचक तो विचारतोच.

टोपणनावाबद्दल बहुतेक वेळा लाजेच्या अंगाने विचारणा होते. कायद्याच्या अंगाने विचारणारे जाणकार असतात. १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ आली आणि अश्लीलतेचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६९ मध्ये काकोडकर सुटले. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं की कामविषयाचा उल्लेख झाला एवढ्यानेच पुस्तक अश्लील ठरवलं, तर कोवळ्या वयाच्या मुलांना धार्मिक ग्रंथांखेरीज काही वाचताच येणार नाही. कलम तेव्हा दंड संहितेतलं २९२ होतं, आता भारतीय न्याय संहितेत २९४ झालंय. लिहिणाऱ्याच्या आयुष्यातली मधली वर्षं मात्र कोणतंही कलम परत देत नाही.

टोपणनावाचा दुसरा उपयोग मला विज्ञानकथाकार जेम्स टिपट्रीने शिकवला. टिपट्रीच्या १९७२ च्या एका कथेत माणसं परग्रहवासीयांवर अशी लुब्ध होतात की स्वतःचं सगळं उधळून बसतात. पुढे सिल्व्हरबर्गने त्या लेखणीत अस्सल पुरुषीपणा दिसतो असं प्रस्तावनेत लिहिलं, आणि दोनेक वर्षांत कळलं की टिपट्री म्हणजे अ‍ॅलिस शेल्डन, साठी गाठलेल्या बाई. माझं टोपणनाव स्त्रीचं की पुरुषाचं हे कळू नये असंच मी निवडलं. पत्रांत मला ‘सर’ म्हणणारे आणि ‘ताई’ म्हणणारे साधारण सारखेच असतात. ‘सर’ म्हणणारे विज्ञानातल्या चुका काढतात, ‘ताई’ म्हणणारे पात्रांचं पुढे काय झालं ते विचारतात. दोघांनी जागा बदलल्या तर माझ्या कथा सुधारतील.

अवयवांची नावं कशी लिहिता, हा आणखी एक नेहमीचा प्रश्न. शक्यतो लिहीत नाही. एक शब्द पोथीतला वाटतो, दुसरा शिवीतला. शिवाय परग्रहावर अवयव कुठे आहेत हेच नक्की नसतं.

सध्या हातात आहे ती मंगळाची कथा. तो तिकडे, ती नाशिकला. निरोप जायला ग्रह जवळ असले तर तीनेक मिनिटं लागतात, दूर असले तर बावीसच्या आसपास, आणि उत्तर यायला पुन्हा तेवढीच. तिने विचारलेल्याचं उत्तर येईपर्यंत ती दुसऱ्याच मनःस्थितीत गेलेली असते. म्हणून दोघं उत्तराची वाट न बघता बोलायला शिकतात; समोरचा आत्ता काय म्हणत असेल ते धरून चालतात, आणि कधी साफ चुकतात. इथपर्यंत जमलंय. साधारण सव्वीस महिन्यांनी एकदा सूर्य मधे येतो आणि दोनेक आठवडे संपर्क तुटतो. हा खंड प्रसंगाच्या आधी घालावा की नंतर, यावर अडकले आहे. आधी घातला तर ओढ वाढते, पण ते फार सरळ होतं. नंतर घातला तर त्याचं शेवटचं वाक्य तिच्याकडे दोन आठवडे नुसतं पडून राहतं, आणि ते वाक्य काय असावं हे मला अजून सुचलेलं नाही. संपादकांचा फोन परवा येऊन गेला. कथा कुठवर आली हे त्यांनी विचारलं नाही. ‘यंदा कितपत?’ एवढंच विचारलं. मी बावीस मिनिटं म्हटलं.