बनेटीची चिंधी

गेल्या माघातील गोष्ट. सायंसंध्या आटोपून आम्ही ओटीवर येऊन बसलो, तो आमची पुतणी अंगणात पायमोज्यांची एक जोडी गरगरा फिरवीत आहे असे दृष्टीस पडले. प्रत्येक मोज्याच्या टोकात टेनिसचा एकेक चेंडू घातलेला, आणि दुसरे टोक बोटांना गुंडाळलेले. ही मुलगी हिंजवडीस एका कंपनीत नोकरी करते. हिंजवडी आमच्याच मुळशी तालुक्यात मोडते हे पुण्याच्या पुष्कळ मंडळींस ठाऊक नसते, आणि तेथील काचेच्या इमारती पाहिल्या म्हणजे आम्हांसही ते खरे वाटेनासे होते. असो. "हे काय चालविले आहेस?" असे विचारताच "काका, ह्याला पोई म्हणतात," असे उत्तर मिळाले. ज्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापट प्रभृतींनी सत्याग्रह मांडिला, त्या धरणाच्या जलाशयाकाठी हल्ली सुटीच्या दिवशी तरुण मंडळी तंबू ठोकून राहतात. त्यांपैकी कोणाकडून तिने ही विद्या संपादिली होती.

पोई हा न्यूझीलंडमधील माओरी लोकांचा खेळ. त्यांच्या भाषेत पोई म्हणजे चेंडूच. दोरीस बांधलेले चेंडू फिरवीत आणि अंगावर तालात आपटीत तेथील स्त्रिया गात नाचतात. मूळच्या नृत्यात अग्नीचा संबंध नाही, तो पुढे इतरांनी जोडला. हे सर्व ऐकून आम्ही म्हणालो, "अगं, मग ही आमची बनेटीच की! फक्त काठी काढून दोरी लावलेली." आणि असे म्हणताच आम्ही गप्प झालो, कारण गेल्या पन्नासाहून अधिक वर्षांत ह्या घरात तो शब्द आमच्या तोंडून निघाला नव्हता.

ज्या वाचकांनी बनेटी पाहिली नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. पुरुषभर उंचीची बांबूची काठी, तिच्या दोन्ही टोकांस चिंध्यांचे घट्ट गोळे. हे गोळे तेलात भिजवून पेटवावयाचे आणि काठी मधोमध धरून अशी फिरवावयाची, की पाहणारास ज्वाळा न दिसता ज्वाळेचे चक्र दिसावे. आमच्या शास्त्रकारांनी ह्यालाच अलातचक्र म्हटले. गौडपादाचार्यांच्या कारिकांतील चौथ्या प्रकरणाचे नावच अलातशान्ति असे आहे. कोलीत फिरत असता दिसणारे वर्तुळ कोलितातून बाहेर पडत नाही, आणि फिरणे थांबल्यावर त्यात परत शिरतही नाही. पाठशाळेत हा दृष्टान्त आमच्या इतर सहाध्यायांस समजावून घ्यावा लागला. आम्हांस तो हातांनी ठाऊक होता.

पुतणीस साधनांविषयी पुष्कळ शंका होत्या, आणि नकळत आम्ही त्यांत गुंतत गेलो. लांबीचा ठोकताळा तिला शिकविलेलाच होता: हात खाली सोडून मूठ धरावी आणि तेथपासून काखेपर्यंत जितके अंतर, तितकी पोईची लांबी. त्याहून लांब दोरी नवशिक्यास जमिनीवर आपटते, आखूड असली तर चक्र घाईघाईने फिरते व मनगट शिणते. वजनाविषयी मात्र तिची समजूत चुकीची होती. हलके ते सोपे असे तिला वाटे. वस्तुतः फार हलका चेंडू दोरी ताणून धरीत नाही, आणि दोरी ढिली पडली की गोळा कोठे आहे हे हातास कळत नाही. फार जड घेतला तर चुकल्यावर कानशिलावर बसतो तो वेगळाच. म्हणून मोज्यात चेंडू घालून शिकावे हेच उत्तम, कारण चुकण्याचा खर्च त्यात थोडा. अग्नीच्या पोईस दोरी चालत नाही, बारीक साखळीच हवी, आणि ती पिळू नये म्हणून मुठीपाशी फिरती कडी हवी. हे आमच्या बनेटीत नव्हते, आणि ती युक्ती आम्हांस फार आवडली.

मग एके दिवशी तिने दोन वाती आमच्यापुढे आणून ठेविल्या. एक तिच्या मैत्रिणीने दिलेली, दुसरी स्वस्तात घरपोच मागविलेली. दोन्ही पिवळ्या, दोन्ही सारख्याच विणीच्या, आणि दोन्ही केव्हलारच्या म्हणून दिलेल्या. केव्हलार म्हणजे १९६५ साली अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक ह्या विदुषीने शोधिलेला धागा. तो वितळत नाही, फार तापल्यास कोळसतो. "काका, यांतली कोणती लावू? बाबा म्हणाले, बनेटीतलं काकांना विचार."

बाबा म्हणजे आमचे कनिष्ठ बंधू. ते त्या वेळी ओटीवरच वर्तमानपत्र वाचीत होते, आणि पान उलटताना त्यांच्या डाव्या हाताची वाकलेली करंगळी व तिच्या शेजारचे बोट आम्हांस स्पष्ट दिसत होते.

१९७४ सालच्या शिमग्यात आम्ही पंधरा वर्षांचे होतो, बंधू अकरांचे. तालमीतील वस्तादांचा नियम एकच होता. चिंधी जुन्या धोतराची, धुतलेली, सुती. रेशीम नको, लोकर नको, आणि तेव्हा नव्याने घरोघर आलेले कृत्रिम धाग्याचे कापड तर मुळीच नको. त्या वर्षी घरातली सगळी जुनी धोतरे गोधडीत गेलेली. मागावयास जाण्याचा आम्हांस कमीपणा वाटला. चिंध्यांच्या गाठोड्यात मातुःश्रींची फाटकी नायलॉनची साडी सापडली, ती आम्ही आत गुंडाळली आणि वस्तादांस दिसू नये म्हणून वर सुताची एक पट्टी फिरविली. नायलॉन सुमारे २२० ते २६० अंशांस वितळते. पेटलेल्या चिंधीत त्याहून किती तरी अधिक उष्णता असते. चौथ्या-पाचव्या फेऱ्यास एक जळता थेंब सुटला आणि पुढे उभे राहून टाळ्या वाजविणाऱ्या बंधूंच्या हातावर बसला. निखारा असता तर झटकून पडला असता, हा चिकटला. कोणी वडीलधाऱ्याने घाईने पुसला, त्याबरोबर कातडे आले. बंधू तबला शिकत होते. डग्गा डाव्या हाताचा, तो सुटला.

होळीचा निखारा उडाला असे आम्ही सांगितले. सर्वांनी ते खरे मानले. मातुःश्री १९९८ साली गेल्या, त्याही तेच खरे मानून गेल्या. आम्ही पुढे अडतीस वर्षे मुलांस शिकविले, सत्यावरची सुभाषिते पाठ करून घेतली.

त्या संध्याकाळी आम्ही देवघरातून निरांजन आणविले. दोन्ही वातींचा एकेक धागा उपसून चिमट्यात धरला. मैत्रिणीच्या वातीचा धागा लाल झाला, काळवंडला, आणि ज्योतीबाहेर काढताच विझला. विकतच्या वातीचा धागा ज्योतीजवळ नेताच आकसला, त्याचा थेंब झाला, आणि तो थेंब ताम्हनात पडून टणक काळा मणी झाला. पुतणी म्हणाली, "म्हणजे ही नकली! पण काका, तुम्हांला हे कसं ठाऊक?"

आम्ही सांगितले. सगळे सांगितले, वरच्या सुताच्या पट्टीसकट. सांगताना आम्ही ताम्हनाकडेच पाहत होतो.

वर्तमानपत्र खाली ठेवल्याचा आवाज आला. बंधू म्हणाले, "दादा, ती साडी हिरवी होती. हाताला चिकटलं तेव्हाच मी आईची साडी ओळखली."

"मग बोलला का नाहीस?"

"अण्णांनी तुला पुन्हा बनेटी धरू दिली नसती म्हणून. आणि तू आपण होऊनच सोडलीस." थोडे थांबून ते म्हणाले, "त्याचंच मला वाईट वाटत राहिलं."

पुतणी आत निघून गेली. शहाणी मुलगी आहे.

पुढचा प्रकार थोडक्यात सांगतो. फाल्गुनात अंगणात पोई पेटली. इंधन म्हणून घासलेट घेतले. पेट्रोलची वाफ थंडीतही पेट घेते, तेव्हा त्याचे नाव काढावयाचे नाही अशी ताकीद आम्ही दिली. वात भिजवून निथळली, डबा झाकून दूर ठेविला, मुलीने केस घट्ट बांधले, ओढणी काढून सुती सदरा घातला. बंधू ओला पंचा मांडीवर घेऊन समोर बसले, अगदी पुढे. आम्ही त्यांस मागे सरा म्हणालो, ते सरले नाहीत. दोन चक्रे उमटली, एकमेकांत शिरली, बाहेर आली. चार-एक मिनिटांनी ज्योत मंदावली तेव्हा त्यांनीच उठून पंचा टाकला, वाकड्या बोटांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीच्या कोपऱ्यात पुरुषभर उंचीचा एक सरळ बांबू उभा दिसला. कोणी आणला हे आम्ही विचारले नाही. आमचे एक जुने धोतर ट्रंकेत होते, ते काढून धुण्यास टाकले आहे.