सांगाल तेवढं खरं मानणारा

ओपनरॉकेट हा छोट्या रॉकेटच्या उड्डाणाचा हिशेब मांडणारा संगणक प्रोग्राम स्वभावाने फार सरळ आहे. नळीची लांबी सांगा, पंखांचा आकार सांगा, मोटर कोणती घालणार ते सांगा. एकही उलट प्रश्न न विचारता तो रॉकेटचं आडवं चित्र काढून पुढे ठेवतो. गुरुत्वमध्याला निळ्या चौकटींचं वर्तुळ, हवेचा रेटा जिथे एकवटतो त्या दाबकेंद्राला लाल ठिपका, आणि खाली डाव्या कोपऱ्यात रॉकेट किती उंच जाईल तो आकडा. तो आकडा मनात धरून मुलं माळावर जातात. रॉकेट उडतं, पॅराशूटवर तरंगत खाली येतं, आणि आतला अल्टिमीटर दुसराच आकडा दाखवतो. बहुतेक वेळा कमीच. मग सॉफ्टवेअर खोटं बोललं असा बोभाटा होतो. मला हा आरोप अन्यायाचा वाटतो.

त्याचं कूळ चांगलं आहे. फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रविद्यापीठात सांपो निस्कानेन यांनी २००९ साली पदव्युत्तर प्रबंधासाठी त्याला घडवलं आणि जगाला फुकट देऊन टाकलं. ज्याला हवं त्याने आतलं गणित उघडून पाहावं. त्या गणिताचा गाभा आणखी जुना. नासाच्या गॉडार्ड केंद्रात काम करणारे जेम्स बॅरोमन यांनी १९६६ साली पत्नी जुडिथ यांच्यासोबत छोट्या रॉकेटचं दाबकेंद्र कागदावर काढण्याची रीत मांडली. आजही हौशी रॉकेटवाले तीच वापरतात. शिवाय आपल्या लेकराची चूक निस्कानेन यांनी लपवली नाही. बी४ मोटरवरचं त्यांचं रॉकेट ६४ मीटर गेलं, तेव्हा ओपनरॉकेटचं उत्तर होतं ७४. सी६ मोटरवर ते १५१ मीटर गेलं, ओपनरॉकेटचं उत्तर १६१. हे आकडे प्रबंधातच छापले आहेत.

मग दहा मीटर जातात कुठे?

माणूस न पाहता मापाच्या चिठ्ठीवरून कपडे शिवणाऱ्या शिंप्यासारखं त्याचं काम आहे. त्याने तुमचं रॉकेट कधी पाहिलेलं नाही. पृष्ठभाग कसा आहे हे तुम्ही सांगितलं नाहीत, तर तो साधा रंग दिलाय असं धरतो, म्हणजे ६० मायक्रॉनचा खरखरीतपणा. 'पॉलिश' निवडलंत की लगेच २ मायक्रॉनवर येतो आणि उंची वाढवून देतो. तुम्ही खरोखर पॉलिश केलंय का, हे तो विचारत नाही. एक पंख केसभर तिरका बसलाय, नळीच्या सांध्यावर गोंदाचा थेंब वाळून टणक झालाय, लाँच रॉडवर सरकणारी छोटी नळी चिठ्ठीत लिहायची राहून गेली, यातलं काहीच त्याला दिसत नाही. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे मोटर जळत असतानाच्या एक-दोन सेकंदांत एवढ्याशा गोष्टीसुद्धा महाग पडतात. आणि हातून राहिलेली जवळपास प्रत्येक कसर रॉकेटला खालीच ओढते. म्हणून त्याची चूक एकाच बाजूला झुकलेली दिसते.

वजनाचा न्याय मात्र वेगळा. रंग आणि गोंद मिळून पाच-सात ग्रॅम सहज वाढतात आणि बहुधा उंची घटते. पण अगदी हलकं रॉकेट मोटर विझताच हवेत थबकतं. त्यात थोडं वजन घातलं तर ते जास्त वर जातं. हे त्याला बरोबर कळतं, आणि त्याच्या हुशारीचा मला सगळ्यात पटणारा पुरावा हाच.

मोटरच्या बाबतीतही तो ऐकीव माहितीवरच चालतो. एस्टेस कंपनीच्या सी६ मोटरचा रेटा सुरुवातीला १४ न्यूटनच्या आसपास उसळतो, मग पाचाच्या खाली बसतो आणि दोन सेकंद व्हायच्या आत संपतो. हा आलेख चाचणीत जाळलेल्या मोटरींचा. तुमच्या रॉकेटातली मोटर त्यांची बहीण आहे, तीच नव्हे. वाऱ्याचंही तसंच: कुणी काही सांगितलं नाही तर तो सेकंदाला २ मीटरचा मंद वारा गृहीत धरतो. माळावरचा झोत त्याहून जोराचा असला की रॉकेट वाऱ्याकडे नाक वळवतं आणि उंची आडव्या अंतरात खर्च होते.

आता दुसऱ्या साक्षीदाराकडे वळू, कारण त्याची उलटतपासणी कुणीच घेत नाही. अल्टिमीटर उंची मोजत नाही, हवेचा दाब मोजतो. दाबाची उंची करताना तो प्रमाण वातावरण धरतो, म्हणजे समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सियस. दिवस ३५ अंशांचा असेल तर हवा फुगलेली असते, आणि खरोखर ३०० मीटर गेलेलं रॉकेट तो सुमारे २८० मीटर दाखवतो. म्हणजे तापलेल्या दुपारी वीस मीटरचा दोष सॉफ्टवेअरच्या माथी मारला जातो, आणि तो असतो यंत्राचा.

अमेरिकन रॉकेट्री चॅलेंज या स्पर्धेतल्या शाळकरी मुलांना हे नीट कळतं. कच्चं अंडं न फोडता रॉकेट ठरलेल्या उंचीवर न्यायचं. २०२३ साली ती ८५० फूट होती. चुकलेल्या प्रत्येक फुटाला एक दंडगुण. तिथे अल्टिमीटर म्हणेल तीच उंची ग्राह्य, म्हणून चांगले संघ उड्डाणामागून उड्डाण करून त्या दिवसाचं तापमान, वारा, वजन लिहून ठेवतात आणि ओपनरॉकेटमधला रोधाचा आकडा प्रत्यक्ष उड्डाणाशी जुळेपर्यंत बदलतात. असं एकदा जुळवून दिलं की पुढच्या उड्डाणाला त्याचं उत्तर कितीतरी जवळ येतं. दिलेला शब्द तो विसरत नाही.

तेव्हा त्याला नावं ठेवण्याआधी एवढं करा. रंग पुरता वाळला की पॅराशूटसकट, पण मोटर न घालता, रॉकेट काट्यावर ठेवा, आणि येईल तो आकडा त्याने मनाने काढलेल्या वजनाच्या जागी लिहा. माळावर निघताना थर्मामीटर बरोबर घ्या.