पांढुर्ण्याची जुनी जीप

नागपूरहून निघालेला रस्ता सावनेरास दुभंगतो. डावा बैतुलच्या दिशेने पांढुर्ण्यास जातो, उजवा छिंदवाड्याच्या दिशेने सौंसरास. २०२३ साली या दोन तहसिली मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्य मध्य प्रदेश. परंतु घराघरांतली बोली मराठी आणि बागा संत्र्यांच्या. आंबिया बहाराची तोड चालू असताना आम्ही तेथे गेलो, ते मात्र एका जीपसाठी.

पांढुर्ण्याजवळील एका परिचित कुटुंबात आजोबांची जीप बैलांच्या कोठ्यात पडून होती. ती दुसऱ्या महायुद्धातील, असे घरात सर्वजण मानीत. नागपूरच्या एका शौकिनाने, सर्व भाग मूळचे असल्यास, मोठी किंमत देऊ केली होती. धाकट्या भावास विकण्याची घाई. थोरल्यास संकोच, कारण आजोबांनी गाडीत पुष्कळ बदल केल्याचे त्याने ऐकले होते. दोघांनी आम्हांस मध्ये घातले. यंत्रातले आम्हांस बेताचेच कळते. म्हणून प्रथम सौंसरास जाऊन तेथील एका वृद्ध मिस्त्रींस बरोबर घेतले.

युद्धकाळात विलिस कंपनीच्या आराखड्यावर फोर्डनेही जीपा बनविल्या. दोहोंच्या मिळून सहा लाखांवर. युद्ध संपल्यावर आपल्याकडे राहिलेल्या कित्येक जीपा खाजगी मालकांकडे गेल्या. १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत जीपांची जुळणी सुरू केली आणि पुढे सुटे भाग सुलभ झाले. जे मोडले ते बदलले. त्यामुळे अशा गाडीत मूळचे किती, हे रंगावरून समजत नाही.

मिस्त्रींनी प्रथम समोरच्या जाळीच्या उभ्या फटी मोजल्या. नऊ. नंतरच्या नागरी जीपांना सात असतात. मग बॉनेट उघडून त्यांनी पुढचा दिवा सोडविला, तो बिजागरीवर मागे वळून इंजिनाकडे तोंड करून राहिला. अंधारात दुरुस्ती करणाऱ्या शिपायासाठी केलेली ही सोय! धाकट्याचा चेहरा खुलला.

मिस्त्री गाडीखाली गेले. विलिसच्या चासीचा पुढचा आडवा दांडा गोल नळीसारखा, फोर्डचा पालथ्या पन्हळीसारखा. येथे पन्हळ निघाली. काही बोल्टांच्या डोक्यांवर फोर्डचे ‘एफ’ अक्षरही होते. डाव्या दांड्यावरील गंज रॉकेलने पुसल्यावर क्रमांक दिसला व आरसी बुकाशी जुळला.

आनंद तेथेच संपला. गाडीला मागे उघडणारा फाळका होता. युद्धातील जीपेस तो नसे. तेथे सुटे चाक टांगलेले असे. म्हणजे सांगाडा नंतरचा. मूळ इंजिनाचा कार्ब्युरेटर बाजूस असतो, हा तर माथ्यावर बसलेला. इंजिनही पुढच्या काळातले, आणि आरसी बुकात त्या बदलाची नोंदच नाही.

“इंजिन बदललं म्हून गाडी बदलली काय जी?” धाकट्याने विचारले.

सेमिनरीत असताना एकेक फळी बदललेल्या थीसियसच्या नौकेवर आम्ही रात्र रात्र वाद घातला आहे. तो येथे काय कामाचा? २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीस ‘व्हीए’ अक्षरांचा खास क्रमांक मिळतो. परंतु ती मूळ स्वरूपात हवी, चासी, सांगाडा वा इंजिन यांत भरीव फेरबदल झालेला नसावा. शौकिनास तोच क्रमांक पाहिजे होता.

तेव्हा धाकट्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पत्री काढली. नवी घडवून तेजाबाने जुनी केलेली, डॅशबोर्डावर ठोकण्यासाठी. मिस्त्रींनी ती उजेडात धरली आणि हसू दाबले. पत्रीवर नाव विलिसचे होते; गाडी फोर्डची.

कोणी काही बोलले नाही. थोरल्याने वहीचे पान फाडून मूळ काय, बदललेले काय, ते शौकिनासाठी लिहून काढले. आम्ही वाचून पाहिले. त्याने काही लपविले नव्हते.

निघताना मिस्त्रींनी सहज विचारले, “जुनं इंजिन कुठं गेलं?”

“विहिरीवर. आबाजीनं पंपाला लावलं होतं.”

आम्ही चौघेही विहिरीवर गेलो. तणात रुतलेल्या त्या धुडाच्या पुढच्या अंगावरील माती मिस्त्रींनी खरवडली. आरसी बुक धाकट्याच्याच हातात होते; तो एकेक आकडा मोठ्याने वाचीत होता. पहिले चार जुळले. पुढचे गंजाने खाल्ले आहेत.