उतरण्याचं गणित

बँकॉककडून मुंबईला येणाऱ्या विमानाला शेवटच्या टप्प्यात सह्याद्री ओलांडावा लागतो. जुलैच्या रात्री तो डोळ्यांना दिसत नाही. आपण नेमके कुठे आहोत, हे उपकरणांवरूनच ठरवायचं. या वाटेने उतरताना माझ्या मनात नेहमी जुन्नर येतं.

७ जुलै १९६२. मध्यरात्र नुकतीच उलटली होती. अलिटालियाचं डीसी-८ सिडनीहून डार्विन, सिंगापूर, बँकॉक करत मुंबईला उतरणार होतं. पुढे तेहरान आणि रोम. पावसाळी हवेत खाली येताना ते जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं. विमानात ९४ जण होते. कोणीही वाचलं नाही.

आम्हा वैमानिकांचा एक साधा हिशेब असतो: हजार फूट उतरायला तीन नॉटिकल मैल. अपघाताची जागा सुमारे ३,६०० फुटांवर. त्या उंचीवरचं विमान धावपट्टीपासून अकरा-बारा मैलांवर असायला हवं. ते मुंबईपासून सुमारे ८४ किलोमीटर, म्हणजे पंचेचाळीस मैल दूर होतं. तिथे सुमारे पंधरा हजार फूट उंची हवी होती. चौकशीतही हेच निघालं: मुंबई जवळ आली असं समजून वैमानिकाने फार लवकर उंची सोडली. उपलब्ध रेडिओ साधनांवरून जागा पडताळली नव्हती, किमान सुरक्षित उंची पाळली नव्हती आणि खालचा प्रदेश त्याच्या परिचयाचा नव्हता.

अशी चूक आत बसलेल्याला जाणवतच नाही, हे मला सर्वांत भयंकर वाटतं. अल्टिमीटर समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो. खाली भातखाचरं आहेत की कळसूबाईची रांग, हे त्याला ठाऊक नसतं. वेळेवरून काढलेलं अंतर वारा बदलला की चुकतं आणि ती चूक पुढच्या प्रत्येक आकड्यात शिरते. मग सगळे आकडे एकमेकांशी जुळतात, आणि तरीही विमान भलतीकडेच असतं.

आज कॉकपिटमध्ये डोंगर समोर आला की ओरडून सावध करणारी यंत्रणा आहे. तिने कितीतरी जीव वाचवलेत. पण ती शेवटचा आधार आहे, तिच्या भरवशावर उतरायचं नसतं. नव्या सहवैमानिकांना मी आग्रहाने सांगतो: दोन स्वतंत्र साधनं एकच जागा दाखवत नाहीत तोवर खाली येऊ नका. शंका आली तर आहे त्या उंचीवर थांबा, कंट्रोलरला विचारा. उशीर होऊ दे, इंधन जास्त जळू दे, आणखी एक फेरी मारावी लागू दे. ढगात एकदा सोडलेली उंची परत मिळवायला वेळ मिळेलच, याची खात्री कोणी देऊ शकत नाही.